पसाभर कोंडा

सकाळी साडेसातला जागल्या बोलतो आणि वॉर्डातल्या सगळ्यांचे कान टवकारतात. बोलतो म्हणजे पडद्यावर यादी टाकतो, पण आमच्याकडे बोलतो असंच म्हणायची पद्धत पडली आहे. मग मी ती यादी वाचून दाखवते. चार नंबरची आजी गाढ झोपेत. सहा नंबरचा मामा उठलाय, कालच्या दुप्पट. नऊ नंबरची आई कूस बदलतेय, लक्ष ठेवा. मागच्या वर्षी कोकणातून एक नवी नर्स आली होती. तिने पहिल्याच सकाळी हे ऐकलं आणि जेवणाच्या सुट्टीत बॅग उचलली. तिला वाटलं, आम्ही इथे भुतं उतरवतो.

अगदीच चुकली नव्हती ती.

मी वैजयंती हंकारे. वय बावन्न, त्यातली सत्तावीस वर्षं मिरजेतल्या एका कॅन्सर हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काढली. हंकारेबाईंच्या तोंडाला लागू नये असं इथे म्हणतात आणि बरोबर म्हणतात. पेशंटचे नातेवाईक खोटं बोलायला लागले की माझं डोकं सणकतं, आणि आमच्या कामात नातेवाईक खोटं बोलतातच.

आधी जागल्या म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. आपल्या प्रत्येकाच्या अंगात पाहुणे असतात. लहानपणी कुणीतरी पापा घेतं, कुणी आपल्या ताटातला घास भरवतं, आईच्या दुधातून काही येतं, आजीच्या लाळेतून काही येतं. दोन दिवस बाळ किरकिरतं आणि सगळे विसरून जातात. विषाणू मात्र जात नाहीत. हर्पिसच्या घराण्यातले तर मुळीच नाहीत. ते हाडांच्या मज्जेत, रक्ताच्या पेशीत, नसांच्या मुळाशी जाऊन झोपतात आणि थेट सरणापर्यंत आपल्याबरोबर येतात. आपल्या पांढऱ्या पेशी दारात राखणीला बसलेल्या असतात, म्हणून ते उठत नाहीत. ल्युकेमियात या पांढऱ्या पेशीच बिघडतात. केमोथेरपी बिघडलेल्यांना मारते, पण तिला चांगल्या-वाईटातला फरक फारसा कळत नाही. दारातले राखणदारही मरतात, आणि आत झोपलेले एकेक करून उठतात. कॅन्सर मागे हटलेला असतो, आणि माणूस वीस वर्षांपूर्वी कुणीतरी घेतलेल्या पाप्याने जातो.

पूर्वी गावात रात्री हिंडून कोण जागं आहे ते बघणारा जागल्या असायचा, तसं हे आमचं यंत्र. रोज सकाळी प्रत्येकाच्या चमचाभर रक्तात कोण उठलंय ते शोधतं. विषाणू एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाताना त्याची अक्षरं थोडी थोडी बदलतात, त्यामुळे प्रत्येक घराचा विषाणू वेगळा ओळखू येतो. जागल्या ती अक्षरं नातेवाइकांच्या थुंकीशी ताडून बघतो आणि सांगतो, हा आजीचा, हा मामाचा.

हे कशाला हवं? तर औषधांना हे विषाणू आता जुमानत नाहीत. पण ज्याच्याकडून विषाणू आला, त्याच्या पेशींनी तोच विषाणू, त्याच अक्षरांचा, वर्षानुवर्षं दाबून ठेवलेला असतो. त्या माणसाच्या दंडातून रक्त घ्यायचं, नेमक्या राखणदार पेशी निवडायच्या, पेशंटच्या शरीराला परक्या वाटू नयेत म्हणून त्यांच्यावरच्या ओळखीच्या खुणा काढून टाकायच्या, सहा दिवस वाढवायच्या आणि चढवायच्या. सहा म्हणजे सहाच. पाचव्या दिवशी त्या कुचकामी असतात. वेळेत मिळाल्या तर शंभरातले सत्तर वाचतात.

म्हणून दाखल होतानाच एक फॉर्म भरून घेतो. सरकारी नाव आहे ‘निकट लाळसंपर्क नोंद’. वॉर्डात सगळे त्याला उष्ट्याची यादी म्हणतात. आपण कुणाकुणाचं उष्टं खाल्लं ते आठवून लिहायचं. इथेच लोकांची जीभ अडखळते. सासरा शेजारी उभा असताना सून सांगत नाही की बाळाला कामवालीने तिच्या डब्यातलं भरवलं होतं. बाप समोर असताना मुलगी मित्राचं नाव लिहीत नाही. मी बापाला चहाला पाठवते आणि नाव काढून घेते.

स्पृहा मगदूम यंदा माघात आमच्याकडे आली. बावीस वर्षांची, शिरोळकडच्या कृष्णाकाठच्या गावातली. उसावर ड्रोनने फवारणी करायचं लायसन्स काढणारी त्या भागातली पहिली मुलगी. ल्युकेमिया पकडला गेला तो लवकर, पहिल्या केमोला पोरीने साथही झकास दिली. डोकं तुळतुळीत झालं तरी तोंड बंद नाही. मी गेले की विचारायची, “काय ओ मॅडम, आज कोण उठलं आमच्याकडचं?”

“तुझी आजी जरा चुळबूळ करतेय.”

“तिला म्हणावं झोप, चहाला अजून अवकाश आहे.”

मला असली पोरं आवडतात. आवडू देऊ नये, हे सत्तावीस वर्षांत कळायला हवं होतं, पण नाही कळलं.

दुसऱ्या केमोच्या अकराव्या दिवशी तिच्या पांढऱ्या पेशी शून्यावर गेल्या. त्या सकाळी जागल्याने तिच्या नावापुढे लिहिलं, ‘अनोळखी’. सायटोमेगॅलो जातीचा विषाणू, उठलेला, आणि घरच्या कुणाशीच न जुळणारा. आई नाही, बाप नाही, आजी, आत्या, चुलत भावंडं, कुणी नाही. आम्ही अशाला पाहुणा म्हणतो. यादीत कुणीतरी राहिलं असणार, एवढाच त्याचा अर्थ असतो. पण त्या दिवशी पडद्यावर खाली आणखी एक ओळ होती. हाच पाहुणा जागल्याने या वॉर्डात आधी दोनदा पाहिला होता. तीन वर्षांपूर्वी एका शाळामास्तरांच्या रक्तात आणि गेल्या वर्षी एका नव्या नवरीच्या रक्तात. दोघं एकमेकांचे कुणी नव्हते. दोघंही त्याच पाहुण्याने गेले, आणि दोघांच्या याद्यांत त्याचं नाव मिळालं नव्हतं.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला, खोटं कशाला बोलू. एकच कुणीतरी आमच्या वॉर्डात खाटा बदलत हिंडतंय असं वाटलं.

आमच्या डॉक्टर अर्शिया नदाफ. वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच लहान, पण डोकं थंड. त्या म्हणाल्या, “हंकारेबाई, आपलीच घाण असेल. नळ, उश्या, तुमचे माझे हात, सगळं तपासा.” तपासलं. काही नाही. मग मी जुन्या फायली काढल्या आणि पत्ते बघितले. मास्तर, नवरी आणि स्पृहा, तिघांची गावं नदीच्या दहा मैलांत होती.

“म्हणजे इथला नाही. गावाकडून येताना घेऊन आलेत,” डॉक्टर म्हणाल्या. “आईला विचारा. तुमच्या पद्धतीने विचारा. हिला ताप चढलाय, छातीत डाग दिसतोय. माझ्याकडे आठ-नऊ दिवस आहेत.”

स्पृहाची आई तृप्ती. सत्तेचाळिशीची, शांत, केस चापून बसवलेले, दिवसभर कॉरिडॉरच्या बाकावर हातात जपमाळ घेऊन बसलेली. मी तिला दोन दिवस पिळून काढलं. शेजारी? दाई? अंगणवाडीची बाई? कुणी लाडाने पापे घेणारं? ती प्रत्येकाला मान हलवायची आणि शेवटी म्हणायची, “ताई, सगळं लिहिलंय ओ.” मला कळत होतं की ती हातचं राखून बोलतेय, पण काय राखतेय ते कळेना.

सोमवारी सकाळी मी स्पृहाचं रक्त घ्यायला गेले तर फोन चालू होता. बाप गावाकडून बोलत होता. “कोंडे, काय खाल्लंस का गं?”

“खाल्लं, पप्पा.” फोन ठेवून ती मास्कमधून हसली. “बघा, आता केसच नाहीत डोक्यावर, तरी मी कोंडीच. लहानपणी फार कोंडा व्हायचा म्हणे मला, म्हणून नाव पडलं.”

मी सुई धरून तशीच उभी राहिले. डोक्यातल्या कोंड्यावरून कुणी पोरीला कोंडी म्हणत नाही. निदान आमच्या भागात नाही. तो कोंडा वेगळा.

मी बाहेर आले आणि तृप्तीच्या शेजारी बसले. “हिच्याआधी किती गेली?”

तिची जपमाळ थांबली. “कुणी सांगितलं तुम्हाला?”

“किती?”

“दोन. एक चौदा दिवसांचा, एक दीड महिन्याची.”

“आणि हिला कोंड्यावर घेतलीत.”

तिने माझा हात धरला, घट्ट, आणि इकडेतिकडे बघितलं.

ज्यांना ही रीत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. जिची मुलं जगत नाहीत, तिने पुढचं मूल आपलं म्हणायचंच नाही. सहाव्या दिवशी, सटवाई कपाळावर लिहायला यायच्या आत, ते सुपात घालून एका अशा बाईला देऊन टाकायचं जिचं सगळं गोत गेलेलं आहे. जिच्याकडे न्यायला काही उरलंच नाही, तिच्या दारात मरण कशाला येईल, असा त्यातला हिशोब. ती बाई मूल छातीशी धरते, तोंडात गुळाचा खडा घोळवते आणि तोच बोटाने बाळाच्या जिभेला लावते. झालं, मूल तिचं. मग आईने पसाभर कोंडा तिच्या ओटीत घालायचा आणि मूल विकत आणायचं. आता ते विकतचं, त्याच्यावर नशिबाची नजर नाही. पुढे दोनच अटी. मुलाला यातलं काही कळू द्यायचं नाही, आणि त्या बाईचं नाव जन्मात पुन्हा तोंडातून काढायचं नाही. नाव घेतलं की सौदा मोडला. मूल परत तिचं.

“नाव सांगा,” मी म्हणाले.

“नाही ओ ताई. तेवढं नका मागू.”

“तृप्तीताई, तिचं उष्टं तुमच्या मुलीच्या छातीत बसलंय. ती बाई आली, तिने रक्त दिलं, तर पोरगी वाचते. एवढं सोपं आहे.”

“नाव घेतलं तर जाईल ती.”

“आणि नाही घेतलं तरी जाणार आहे, लेखी देऊ का मी? अगं, शिकलेली ना तू? बारावी झालेली बाई. नावाने कुणी मरत नाही. हट्टाने मरतात. मुलगी पाहिजे का शपथ पाहिजे, एकदा ठरव.” मी असं बरंच बोलले. कॉरिडॉरमधले लोक बघायला लागले. तिने जपमाळ मुठीत आवळली. शेवटी म्हणाली, “लिहून देते. तोंडाने नको.”

“तोंडाने सांग,” मी म्हणाले. “मला ऐकू येऊ दे.”

आज विचार करते तर मला कळतं की मी तेव्हा तसं का म्हणाले. मला ऐकायचंच होतं. नाव निराळं निघावं अशी आशा होती.

तृप्ती माझ्या कानाशी वाकली आणि नाव सांगितलं. आवाज असा नव्हताच, नुसता श्वास. नदीपलीकडच्या गावातली बाई. ते नाव मी इथे लिहिणार नाही. आम्ही घरी तिला नुसतं पलीकडची म्हणायचो.

आम्ही म्हणजे मी आणि माझी आई. कारण मलाही एक मुलगा आहे, एकवीस वर्षांचा, राहुरीला शेती-इंजिनिअरिंग शिकतोय. त्याच्याआधी माझीही दोन गेली. तिसऱ्या वेळी माझी आई म्हणाली, आपण त्याला कोंड्यावर घेऊ. मी तेव्हाही लॅबमध्येच होते. विषाणू म्हणजे काय, बाळ का दगावतं, सगळं मला पाठ होतं. आणि मी माझ्या हाताने सुपात फडकं अंथरलं, आणि माझ्या हाताने पलीकडचीच्या ओटीत पसाभर कोंडा घातला. तिने माझ्या बाळाला गूळ चाटवला. तिच्या दाराची चौकट मला अजून दिसते.

मी डॉक्टरांना बाईचं नाव कागदावर लिहून दिलं. तोंडाने नाही. दुपारपर्यंत तलाठ्याकडून कळलं की ती चार वर्षांपूर्वीच वारली. मागे कुणी नाही.

“मग तिने ज्यांना उष्टं दिलं, त्यांच्यातला कुणीही निरोगी चालेल,” डॉक्टर नदाफ म्हणाल्या. “तेच अक्षर, तीच राखण. अशी मुलं किती असतील, हंकारेबाई?”

“असतील पाच-पन्नास.”

“एक पुरे.”

आमची माणसं त्या गावांत गेली. सरपंच म्हणाले, असलं आमच्याकडे काही चालत नाही. आशाताई म्हणाल्या, ऐकलेलं नाही. एका घरी तर म्हातारीने ‘कोंडा’ शब्द ऐकताच दार लावून घेतलं. लोकांचा अडाणीपणा, असं डॉक्टर वैतागून म्हणाल्या. मी मान डोलावली.

सोमवार गेला. मला भीती कशाची वाटत होती ते स्पष्ट सांगते, लाज वाटली तरी. मास्तर, नवरी, स्पृहा. पलीकडचीची तीन मुलं, तिघांना ल्युकेमिया. मला पूर्ण माहीत होतं की यात काही अर्थ नाही. आमच्या वॉर्डात येतात तेच मुळी ल्युकेमियाचे पेशंट, मग इथे सापडणारी तिची मुलं ल्युकेमियाचीच असणार. बाहेर तिची पन्नास मुलं उसाच्या फडात धडधाकट हिंडत असतील, ती जागल्याला कधी दिसणारच नाहीत. हे मी एखाद्या नव्या पोराला दोन मिनिटांत समजावून दिलं असतं. पण घरी गेल्यावर मनात येई, ती आपली मुलं एकेक करून परत नेतेय. माझा राहिलाय, कारण मी गप्प आहे.

आणि दुसरी भीती, ती तर याहून खरी. मुलाचं रक्त घेतलं की ते आधी जागल्यावर चढवावं लागणार. आणि त्यात पाहुणा जागा निघाला तर? निरोगी माणसात तो उठत नाही. उठला असेल तर आत काहीतरी बिघडलंय.

मंगळवारी जागल्याने आकडा चौपट दाखवला. तृप्ती मला जिन्यात भेटली आणि म्हणाली, “कुणी मिळालं का ताई?” मी म्हणाले, शोधतोय. बुधवारी स्पृहाला उच्च दाबाचा ऑक्सिजन लावला. मी दोनदा फोन हातात घेतला. एकदा मुलाने उचललासुद्धा. मी त्याला विचारलं, जेवलास का, आणि ठेवून दिला.

गुरुवारी सकाळी मी तिचं रक्त घ्यायला गेले. ती डोळे मिटून पडली होती. मला वाटलं झोपलीय, पण ती म्हणाली, “मॅडम, आज कोण उठलं ते मला माहितेय.”

“कोण गं?”

“ती बाई. गूळवाली.”

माझ्या हातातली नळी खाली पडली.

“सारखं तोंड गोड होतंय,” ती म्हणाली. एकेका शब्दाला थांबत होती. “गुळासारखं. आणि कुणीतरी बोट फिरवतंय जिभेवरून. खरखरीत बोट आहे. वाईट नाही वाटत पण.”

केमोत तोंडाची चव जाते, कधी कडू लागतं, कधी गोड लागतं. ताप चढला की भास होतात. दोन्ही पुस्तकात आहे. पण तिला गुळाचं कुणीही सांगितलं नव्हतं. आईने नाही आणि मीही नाही. मी नळी बदलली, रक्त घेतलं, बाहेर आले आणि कॉरिडॉरच्या टोकाला जाऊन मुलाला फोन लावला. सगळं सांगितलं. सूप, कोंडा, गूळ, आणि तिचं नावसुद्धा, तोंडाने. एकवीस वर्षांत पहिल्यांदा.

तो हसला. “एवढंच ना? आई, तुझा आवाज ऐकून मला वाटलं मी दत्तक वगैरे आहे. निघतो मी, संध्याकाळपर्यंत पोचतो.”

पोचला. दंड पुढे केला. मी जागल्यासमोर वीस मिनिटं बसून होते, देवाचं नाव घेत नाही मी, पण त्या दिवशी घेतलं. पाहुणा त्याच्यात होता. गाढ झोपेत. माझा जीव भांड्यात पडला आणि त्याच क्षणी मला स्वतःची शिसारी आली, कारण तिकडे खाटेवर स्पृहा होती आणि मला आनंद झाला होता.

गुरुवारपासून सहा दिवस म्हणजे बुधवार. पेशी सुरेख वाढत होत्या. डॉक्टर नदाफ रोज खाली येऊन बघायच्या. “तुमच्या मुलाचे राखणदार भारी दणकट आहेत हो,” म्हणायच्या. तृप्तीला त्यांनी सांगितलं की हंकारेबाईंचा मुलगासुद्धा त्याच बाईकडचा निघाला, आता काळजी करू नका. तृप्ती खाली आली आणि काही न बोलता माझ्या पाया पडली. मी तिला उठवलं. तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

मंगळवारी सकाळी अकरा वाजता स्पृहा गेली. फुप्फुसात जागाच उरली नव्हती. बुधवारी रात्री पेशी तयार झाल्या. मी त्या सूक्ष्मदर्शकाखाली घेऊन बघितल्या. टपोऱ्या, ताज्या, कामाला लागायला टपलेल्या. मग मी त्यांच्यावर तारीख घालून त्या गोठवणीत ठेवल्या, पुढच्या कुणासाठी तरी. त्या फ्रीजपाशी उभी राहून मी ढसाढसा रडले.

गुरुवारी तृप्ती कागद न्यायला आली. साधं पातळ, डोळे कोरडे. मी खुर्ची दिली, ती बसली नाही.

“तुम्हाला बोल लावत नाही ताई,” ती म्हणाली. “तुम्ही चांगल्यासाठीच विचारलंत. पण मी नाव घेतलं आणि नवव्या दिवशी ती गेली. बावीस वर्षं गप्प बसले होते, तोवर ठणठणीत होती. माझ्याच तोंडाने घालवली मी तिला. तिचे पप्पा बोलत नाहीत माझ्याशी. बरोबर आहे त्यांचं.”

ती हे अगदी सरळ आवाजात म्हणाली. मला दिसलं की ही बाई आता मरेपर्यंत हेच म्हणत राहणार आहे, रोज, जपमाळेवर. मी फाइल टेबलावर ठेवली.

“तुमच्यामुळे नाही गेली ती,” मी म्हणाले. “तुम्ही सोमवारी माझ्या कानात नाव सांगितलंत ना, तेव्हाच मला कळलं होतं की माझा मुलगा चालेल. तेव्हाच. मी गुरुवारपर्यंत कुणाला बोलले नाही. सोमवारी बोलले असते तर पेशी रविवारी मिळाल्या असत्या. मंगळवार उजाडेपर्यंत त्यांनी बरंच आवरलं असतं. तुम्ही नाव घेतलंत म्हणून नाही गेली. मी घेतलं नाही म्हणून गेली.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

“तीन दिवस,” ती म्हणाली.

“हो.”

“भ्यालात.”

“हो.”

“मला तर म्हणालात, नावाने कुणी मरत नाही.”

तिने फाइल उचलली, कागद एकेक करून बघितले, पुन्हा आत घातले.

“मुलगा बरा आहे ना तुमचा?”

“बरा आहे. काल परत गेला.”

“त्याने रक्त दिलं,” ती म्हणाली. “त्याचा काय दोष.” मग दाराशी जाऊन ती वळली. “नाव काय त्याचं?”

साधा प्रश्न. तिच्या आवाजात राग नव्हता, निदान मला तरी ऐकू आला नाही. आशीर्वाद द्यायलाही नाव लागतं आणि शाप द्यायलाही लागतं, आणि तिच्या तोंडावरून मला काहीच कळेना. मागे जागल्या घरघरत होता. सत्तावीस वर्षं मी लोकांना सांगत आलेय की विषाणूला नावगाव कळत नाही, त्याला फक्त राखण कळते.

“मल्हार,” मी म्हणाले.

“चांगलं आहे,” ती म्हणाली, आणि फाइल काखेत धरून जिना उतरून गेली.

मल्हार माझा पहिला. तो एकोणीस दिवस जगला, त्यालाही आता सव्वीस वर्षं झाली.